लोहाने पळवलेला उजेड

गुन्हेकथांच्या पडद्यावर जांभळा दिवा फिरताच रक्ताचे डाग निळे चमकू लागतात, ती दिग्दर्शकाची करामत होय. कारण अतिनील दिव्याखाली रक्ताचा डाग चमकत तर नाहीच, उलट भोवतालच्या कापडाहून काळा दिसतो. तो निळा उजेड प्रत्यक्षात ल्युमिनॉल या रसायनाचा असतो आणि रक्तातील लोहामुळे घडणाऱ्या त्याच्या रासायनिक क्रियेला अतिनील किरणे लागतच नाहीत.

तरीही रक्तातील प्रथिने अगदीच अंधारी नसतात. त्यांच्या साखळीतील ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल २८० नॅनोमीटरच्या आसपासची अतिनील किरणे शोषते आणि काही अब्जांश सेकंदांत, थोडी ऊर्जा गमावून, ३४० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश बाहेर टाकते. यालाच प्रतिदीप्ती म्हणतात. हा प्रकाशही बहुतांशी डोळ्यांना न दिसणारा असल्याने उपकरणानेच टिपावा लागतो. रक्तद्रवातील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या ५८५ अमिनो आम्लांत ट्रिप्टोफॅन एकच, २१४व्या स्थानी असते. एखाद्या औषधाचा रेणू त्याच्याजवळ चिकटला की हा उजेड बहुधा मंदावतो आणि त्यावरून ती पकड किती घट्ट आहे हे मोजता येते. प्रथिनांच्या प्रतिदीप्तीच्या या शास्त्राचा पाया घालणाऱ्या ग्रेगोरिओ वेबर यांनी टील यांच्यासह १९५७ मध्ये अशा अमिनो आम्लांच्या प्रतिदीप्तीची मोजमापे प्रसिद्ध केली, पण जीवरसायनाबाहेर त्यांचे नाव फारसे कोणी घेत नाही, हा अन्यायच म्हणावा लागेल. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. कृष्णमूर्ती यांच्या गटाने हा उजेड किती काळ टिकतो हे मोजून प्रथिनांच्या हालचालींचा माग काढला आहे.

मग हिमोग्लोबिनमध्ये सहा ट्रिप्टोफॅन असूनही ते जवळजवळ काळोखे का? शहापूर तालुक्यात भातसा आणि तानसा धरणे भरतात, पाणी मात्र मुंबईच्या नळांना जाते आणि तालुक्यातील कितीतरी पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, हे तालुक्यातील किन्हवलीच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही. तसेच हिमोग्लोबिनमध्ये घडते: ट्रिप्टोफॅनने पकडलेली ऊर्जा उजेड पडण्यापूर्वीच शेजारचा हीम, म्हणजे मध्यभागी लोह असलेला लाल रंगाचा रेणू, ओढून नेतो आणि तिची उष्णता होते.

शरीरात लोह कमी पडले, तर काही हीमच्या सांगाड्यांत लोहाऐवजी जस्त बसते आणि त्यातून तयार झालेले झिंक प्रोटोपॉर्फिरिन निळ्या-जांभळ्या प्रकाशात नारिंगी-लाल चमकते. रक्ताच्या एका थेंबावर ही चमक मोजता येते. मात्र शिशाच्या विषबाधेतही ती वाढते, त्यामुळे लोह कमी आहे की शिसे जास्त, हे ठरवण्यासाठी फेरिटिन (लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) आणि शिसे यांची तपासणी वेगळी करावी लागते.