आवाजामागची माणसं – भाग ७ : साथीला कोण होतं?

मावळातल्या भाज्याच्या लेण्यांत लोक येतात ते चैत्यगृह आणि सूर्य-इंद्राची शिल्पं पाहायला. तिथंच एक स्त्री तबल्यासारखं जोडवाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. ते वाद्य तबलाच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला मात्र दुसरीच गोष्ट खटकते. याच डोंगरात पाण्याचं टाकं दान देणाऱ्या महारथी विण्हुदताचं नाव कोरलेलं आहे. एका नांगरकऱ्याच्या बायकोनं दान दिलं, तिचंही नाव आहे. थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावं त्यांच्या स्तूपांवर आहेत. शिल्पकारानं जिचा ठेका ऐकून हे शिल्प घडवलं असेल, तिचं नाव कुठंच नाही.

ध्वनिमुद्रण आलं तरी साथीदारांचं नशीब फारसं पालटलं नाही. 1902 मध्ये गायिका गौहरजानचं तबकड्यांसाठी मुद्रण झालं, तेव्हा गाणं संपताच ती स्वतःचं नाव मोठ्यानं सांगायची. कारण साधं होतं. मूळ मुद्रण जर्मनीत हॅनोव्हरला जायचं, आणि कुठल्या तबकडीवर कुणाचं लेबल लावायचं हे तिथल्या कामगारांना कळायला हवं होतं. धंद्याच्या गरजेपोटी गायिकेचं नाव टिकलं. सारंगी आणि तबल्यावर कोण होतं हे कारखान्याला नको होतं, म्हणून ते विचारलंही गेलं नाही.

म्हणूनच विस्मृतीत गेलेल्या कलावंतांच्या मुलाखती घेणाऱ्यानं पहिला प्रश्न साथीदारांचा विचारावा, असं माझं ठाम मत आहे. ‘बुवा, तुमचा जीवनप्रवास सांगा’ म्हटलं की सत्काराच्या भाषणात ऐकलेलंच पुन्हा ऐकायला मिळतं. ‘बुवा, काकड्याला पखवाजावर कोण बसायचं?’ असं विचारा. मग नावं येतात, गावं येतात, कुणाचं कुणाशी का बिनसलं तेही येतं. मावळातल्या भजनी मंडळांत तर वाद्य समोर असतानाच बोलावं. पखवाजाच्या धुमेवर कणीक लावता लावता वादक जे सांगतो, ते खुर्चीवर बसवून, पुढ्यात माईक ठेवून सांगत नाही.

मावळाच्या शेजारच्या मुळशीत या कामाचा मोठा धडा घालून दिलेला आहे. गी पॉयटविन आणि हेमा राईरकर यांनी गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून जात्यावरच्या ओव्या जमवायला सुरुवात केली. पुढं हा संग्रह महाराष्ट्रभरातून लाखाच्या वर गेला. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यातल्या काही हजार ओव्या टेपवर मुद्रित केल्या, आणि 2017 पासून ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) ही संस्था त्या लोकांपुढं आणते आहे. आकड्यापेक्षा मला त्यांची रीत मोलाची वाटते. ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव नोंदलं गेलं. विचारणाऱ्यांत गावातल्याच कार्यकर्त्या होत्या. परक्या माणसाला एखादी बाई ‘मला कुठं गाता येतं’ म्हणून वाटेला लावते. जिनं स्वतः जातं ओढलं आहे, तिच्यापुढं तीच बाई खुंट्याला हात घालते आणि गळा आपोआप सुटतो.

तबकड्या आणि कॅसेट काढणाऱ्या छोट्या कंपन्यांचे मालक हा याच कामाचा दुसरा हात. मुंबईत 1935 मध्ये नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी निघाली. तिच्या तबकड्यांवर ‘यंग इंडिया’ हे नाव असे. एचएमव्हीसारख्या बड्या कंपनीच्या दारात ज्यांना जागा नव्हती, अशा अनेक हौशी आणि नवख्या कलावंतांचे आवाज या कंपनीनं तबकडीवर आणले. 1955 च्या सुमारास तिचं काम थांबलं. सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सचे सुरेश चांदवणकर यांनी तिच्या तबकड्या, कॅटलॉग, जाहिराती शोधून त्यांचं जतन केलं. ते झालं नसतं, तर ती माणसं कधी गायली होती हेच आज कळलं नसतं.

मालक हयात असेल तर आठवणींच्या आधी कागद मागावेत. ‘शेठ, पहिल्या खेपेला किती प्रती काढल्या? खर्च कुणी केला? गायकाला एकरकमी दिले की रॉयल्टी?’ हे प्रश्न अवघड वाटतात, पण नीट अदबीनं विचारले तर माणूस रागावत नाही. आपल्या धंद्याबद्दल कुणीतरी जाणून घेतं आहे, याचं त्याला बरंच वाटतं. तबकडी असेल तर लेबल आणि खाचांच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला मुद्रणाचा क्रमांक उतरवून घ्यावा. एकच मुद्रण दोन लेबलांखाली विकलं गेलं असेल तर ते तिथं उघडं पडतं. कॅसेट असेल तर आतलं कार्ड दोन्ही बाजूंनी वाचावं.

आणि खर्चाची वही मागायला विसरू नये. कव्हरवर ढोलकीवाल्याचं नाव नसतं. पण त्याला पैसे दिले असतील, तर बहुधा व्हाउचर निघालेलं असतं, आणि त्यातल्या रेव्हेन्यू स्टॅम्पवर त्याची सही किंवा अंगठा असतो.