स्कोपला न दिसलेले ५० मिलिव्होल्ट

‘डिजिटल ऑसिलोस्कोप घ्यायचाय, ८ बिट घेऊ की १२ बिट?’ हा प्रश्न तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी विचारलाय. आज त्यावरच बोलू. पण सुरुवात दुधाच्या काट्यापासून करतो.

मी तेव्हा नगरला (२०२४ पासून अहिल्यानगर, पण जिभेवर अजून नगरच येतं) काटे दुरुस्त करणाऱ्या एका परवानाधारक काकांच्या हाताखाली शिकत होतो. संगमनेर तालुक्यातल्या एका दूध संकलन केंद्रावरून तक्रार आली. ४० किलोचं कॅन ठेवलं की आकडा बरोबर यायचा, मग दोन-तीन सेकंदांत हळूहळू ४०० ग्रॅम खाली उतरायचा. कधी उतरायचा, कधी नाही. लिटरला ३० रुपये धरले तर कॅनमागे बारा रुपये गेले. पण खरा त्रास वेगळाच होता. आपल्या जिल्ह्यात ऊस असो की दूध, ‘काटा मारला’ म्हटलं की माणूस बदनाम. केंद्रवाल्या भाऊंकडे गाव तसंच बघायला लागलं होतं.

काट्याखाली लोडसेल असतो. त्याला ५ व्होल्ट द्यायचे, वजन पडलं की तो काही मिलिव्होल्टमध्ये उत्तर देतो. हे उत्तर दिलेल्या व्होल्टच्या प्रमाणात असतं. म्हणजे लोडसेलपाशी ५ ऐवजी ४.९५ व्होल्टच पोचले तर वजनही १ टक्का कमी. ४० किलोचा १ टक्का किती? ४०० ग्रॅम! डोक्यात हे आलं म्हणून मी स्कोप घेतला, प्रोब १एक्सवर ठेवून लोडसेलच्या टोकाला लावला, १ व्होल्ट प्रति डिव्हिजन ठेवलं. कॅन ठेवलं. रेघ सरळ. मी छाती काढून म्हणालो, “भाऊ, सप्लाय एकदम ओके आहे.”

ओके नव्हता. मला तो दिसतच नव्हता.

आमचा स्कोप ८ बिटचा. ८ बिट म्हणजे २५६ पायऱ्या. स्क्रीनवर उभे ८ डिव्हिजन, म्हणजे ८ व्होल्ट त्या २५६ पायऱ्यांत वाटले. एक पायरी साधारण ३१ मिलिव्होल्टची. मी शोधत होतो ५० मिलिव्होल्ट. दोन पायऱ्यासुद्धा नाहीत, ते रेघेच्या जाडीतच गेले. स्क्रीन थांबवून झूम केलं तरी उपयोग नाही. मोबाईलवर फोटो बोटांनी ताणला की चौकोन मोठे होतात, चेहरा काही स्पष्ट होत नाही, तसंच.

मग २० मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजनवर जायचं ना? गेलो. पायरी झाली ०.६ मिलिव्होल्टची, मस्त. पण रेघ स्क्रीनच्या वर उडाली, कारण ती ५ व्होल्टवर बसलीय आणि खिडकी उरली १६० मिलिव्होल्टची. खाली आणायला ऑफसेट फिरवला, तर तो २ व्होल्टवर अडला.

इथे मी स्कोप बिघडला समजलो होतो! बिघडला नव्हता. ऑफसेट म्हणजे स्कोप आतून एक व्होल्टेज तयार करून सिग्नलमधून वजा करतो. मोठ्या रेंजवर सिग्नल आधीच लहान करून आत घेतलेला असतो, म्हणून तेवढ्याच वजाबाकीत खूप मोठा ऑफसेट मिळतो. छोट्या रेंजवर सिग्नल जसाच्या तसा आत येतो, मग वजाबाकीची ताकद तिथेच संपते. नॉब फिरवताना मध्येच ‘टक्’ असा रिलेचा आवाज येतो ना, बऱ्याच स्कोपमध्ये ही हद्द तिथेच बदलते. डेटाशीटमध्ये ‘ऑफसेट रेंज’ची ओळ असते. विकत घेताना ती कोणीच वाचत नाही, मीही वाचली नव्हती.

मग एसी कपलिंग लावलं. ५ व्होल्ट गायब, रेघ मधोमध, आणि पुन्हा सरळ! कारण एसी कपलिंग म्हणजे वाटेत कपॅसिटर. तो स्थिर व्होल्टेज अडवतो, पण साधारण १० हर्ट्झच्या खालचं हळू बदलणारंही गिळतो. आमची घसरण दोन-तीन सेकंदांची. तीही गिळली.

काका शांतपणे म्हणाले, “डीसीवर ठेव, आणि प्रोब १०एक्स कर.” १०एक्सवर ५ व्होल्ट स्कोपच्या आत ०.५ व्होल्ट होऊन जातात, आणि २ व्होल्टची हद्द आपल्या हिशेबाने २० व्होल्टची होते. बदल्यात गोंगाट वाढतो, रेघ केसाळ दिसते. चालेल. ऑफसेट ५ व्होल्ट, २० मिलिव्होल्ट प्रति डिव्हिजन, कॅन ठेवलं... आणि रेघ हळूहळू अडीच डिव्हिजन खाली!

१२ बिटच्या स्कोपला ४०९६ पायऱ्या असतात. १ व्होल्ट प्रति डिव्हिजनवरच पायरी २ मिलिव्होल्टची, आमची घसरण पहिल्याच झटक्यात दिसली असती. शेवटचे एक-दोन बिट गोंगाटात जातात, ते सोडा. बजेट असेल तर १२ बिट घ्या. नसेल तर ८ बिट घ्या, पण सोबत १०एक्स प्रोब आणि ती ऑफसेटची ओळ विसरू नका.

दोष निघाला केबलच्या कनेक्टरमध्ये. ओल जाऊन पिन हिरवी पडली होती. कॅनच्या भाराने केबल ओढली जायची आणि पिनेचा रोध वाढायचा. लोडसेलचा रोध ४०० ओहमच्या आसपास, त्यामुळे पिनेवर ४ ओहम वाढले तरी १ टक्का गेला. कनेक्टर बदलला, वैधमापनकडून काट्याची पुन्हा पडताळणी करून घेतली. भाऊंनी त्या घसरलेल्या रेघेचा फोटो माझ्याकडून व्हॉट्सॲपवर मागून घेतला. केंद्राच्या भिंतीवर, दरपत्रकाच्या शेजारी चिकटवला.