पर्यटन जहाजांवरील नोरोविषाणूचा उद्रेक : स्वरूप, कारणे आणि व्यवस्थापन

गोषवारा

सागरी पर्यटनाच्या वाढीबरोबर पर्यटन जहाजांवर उद्भवणाऱ्या जठरांत्रदाहाच्या साथीही सार्वजनिक आरोग्याचा विषय बनल्या आहेत. या साथींमागे बहुतांश वेळा नोरोविषाणू असतो. हा आजार सामान्यतः अल्पकालीन असला तरी वृद्ध व बालकांसाठी तो धोकादायक ठरू शकतो. प्रस्तुत लेखात या विषाणूचे स्वरूप, जहाजावर त्याचा प्रसार वेगाने होण्याची कारणे, २०१४ मधील ‘एक्सप्लोरर ऑफ द सीज’ या जहाजावरील उद्रेक, नियंत्रणाची यंत्रणा, रुग्णांची शुश्रूषा आणि जहाजावरील कर्मचाऱ्यांचे स्थान यांचे विवेचन केले आहे. आजार लपविला न जाणे हाच नियंत्रणाचा पाया आहे, असे या विवेचनातून दिसून येते.

बीजसंज्ञा : नोरोविषाणू, पर्यटन जहाज, विलगीकरण, निर्जलीकरण, जलसंजीवनी, खलाशी.

१. प्रस्तावना

जहाज आणि साथीचे रोग यांचा संबंध फार जुना आहे. चौदाव्या शतकात प्लेगच्या भीतीने एड्रियाटिक समुद्रकाठच्या बंदरांनी बाहेरून येणाऱ्यांना काही काळ वेगळे ठेवण्यास प्रारंभ केला. रागुसा म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक येथे १३७७ मध्ये तीस दिवसांचा नियम झाला. पुढे ही मुदत चाळीस दिवसांची झाली आणि चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दावरून ‘क्वारंटाइन’ ही संज्ञा रूढ झाली. त्या काळी भीती होती ती जहाजातून किनाऱ्यावर येणाऱ्या रोगाची. आजच्या पर्यटन जहाजाच्या बाबतीत प्रश्न काहीसा उलटा आहे. रोग किनाऱ्यावरून जहाजात चढतो आणि तेथील हजारो माणसांमध्ये काही दिवसांतच पसरतो.

आधुनिक पर्यटन जहाज म्हणजे तरंगते नगरच होय. भोजनगृहे, नाट्यगृह, पोहण्याचे तलाव, वाचनालय, बालकांच्या खेळाच्या खोल्या अशा सर्व सोयी तेथे एकाच छताखाली असतात. या नगराला रुग्णालय मात्र मर्यादितच असते आणि पुढचे बंदर कधी कधी दोन दिवसांच्या अंतरावर असते. अशा ठिकाणी शेकडो लोकांना एकाच वेळी उलट्या व जुलाब सुरू झाल्यास काय करावे, हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही. तो व्यवस्थापनाचा, श्रमाचा आणि परस्पर विश्वासाचा प्रश्न बनतो.

२. उद्दिष्टे

१) नोरोविषाणूचे स्वरूप व प्रसाराचे मार्ग स्पष्ट करणे.
२) पर्यटन जहाजावरील परिस्थिती उद्रेकास कशी पोषक ठरते याचा विचार करणे.
३) उद्रेक हाताळण्याच्या प्रचलित उपायांची मीमांसा करणे.
४) या प्रक्रियेत जहाजावरील कर्मचाऱ्यांच्या स्थितीकडे लक्ष वेधणे.

३. अभ्यासपद्धती

प्रस्तुत लेखासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून माहिती दुय्यम साधनांवरून घेतली आहे.

४. नोरोविषाणू : ओळख

१९६८ मध्ये अमेरिकेच्या ओहायो राज्यातील नॉरवॉक या गावी एका प्राथमिक शाळेत विद्यार्थी व शिक्षकांना उलट्या व जुलाबांचा त्रास सुरू झाला. त्या साथीतील नमुन्यांचा अभ्यास करून अल्बर्ट कापिकियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने या विषाणूचे दर्शन घडविले. गावाच्या नावावरून तो ‘नॉरवॉक विषाणू’ म्हणून ओळखला गेला आणि २००२ मध्ये ‘नोरोविषाणू’ हे नाव अधिकृत झाले.

या विषाणूची काही वैशिष्ट्ये लक्षात घेतल्याशिवाय त्यावरील उपायांचे मर्म कळत नाही. पहिले वैशिष्ट्य असे की, संसर्गासाठी त्याचे अत्यल्प कण पुरेसे असतात. शंभराहून कमी कणही माणसाला आजारी पाडू शकतात, तर रुग्णाच्या विष्ठेतून व वमनातून असे अब्जावधी कण बाहेर पडतात. दुसरे असे की, त्याच्याभोवती मेदाचे आवरण नसते. अल्कोहोलयुक्त द्रव अनेक विषाणूंचे असे आवरण विरघळवून त्यांना निष्प्रभ करतो, परंतु नोरोविषाणूवर त्याचा प्रभाव अपुरा पडतो. तिसरे असे की, तो दाराच्या मुठी, कठडे, नळ, गालिचे अशा पृष्ठभागांवर बराच काळ टिकतो आणि सुमारे ६० अंश सेल्सियसपर्यंतची उष्णताही सहन करू शकतो. चौथे असे की, रुग्ण बरा झाल्यावरही दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडत राहू शकतात.

विषाणूचा शरीरात प्रवेश झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा अधिशयन काळ साधारणपणे १२ ते ४८ तासांचा असतो. मळमळ, अकस्मात होणाऱ्या उलट्या, पातळ जुलाब, पोटात कळा, अंगदुखी आणि क्वचित सौम्य ताप ही त्याची लक्षणे होत. बहुतेक रुग्ण एक ते तीन दिवसांत बरे होतात. एकदा आजार होऊन गेल्यावर मिळणारी प्रतिकारशक्ती मर्यादित असते आणि विषाणूचे प्रकार अनेक असल्याने तोच आजार पुन्हाही होऊ शकतो. त्यावर सर्वत्र वापरता येईल अशी लस अद्याप उपलब्ध नाही.

५. जहाज उद्रेकास पोषक का ठरते ?

या संदर्भात एक गैरसमज प्रथम दूर करावयास हवा. नोरोविषाणू हा ‘जहाजाचा रोग’ नव्हे. अमेरिकेच्या रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्राच्या म्हणजे सीडीसीच्या माहितीनुसार तेथे नोंदल्या जाणाऱ्या नोरोविषाणूच्या उद्रेकांपैकी सुमारे १ टक्का उद्रेकच पर्यटन जहाजांवरील असतात. निम्म्याहून अधिक उद्रेक वृद्धाश्रम व तत्सम आरोग्य संस्थांतील असतात. भारतातही २०२१ मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यात पूकोडे येथील विद्यार्थ्यांमध्ये या विषाणूचा संसर्ग आढळला होता. जहाजावरील साथ ठळकपणे नजरेस येते, कारण तेथे प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवणे बंधनकारक असते. किनाऱ्यावरच्या उपाहारगृहात जेवून आजारी पडलेले शंभर लोक शंभर घरी विखुरतात आणि साथ झाली हे कोणाच्याही ध्यानात येत नाही.

असे असले तरी जहाजावरील काही परिस्थिती प्रसारास निश्चितच अनुकूल असते. मर्यादित जागेत अनेक माणसे राहतात. शेकडो हात एकाच वाढण्याच्या चमच्याला, एकाच कठड्याला आणि उद्वाहकाच्या एकाच कळीला स्पर्श करतात. प्रवाशांमध्ये वयोवृद्धांचे प्रमाण लक्षणीय असते. त्याहून महत्त्वाची बाब म्हणजे दोन प्रवासांमधील अल्प अवधी. सकाळी बंदरात आलेले जहाज प्रवासी उतरवून त्याच दिवशी नवे प्रवासी घेऊन निघते. प्रवासी बदलतात, परंतु जहाज तेच असते आणि कर्मचारीही तेच असतात. त्यामुळे एका फेरीतील संसर्ग पुढच्या फेरीत जाण्याचा संभव राहतो. २००२ मध्ये १ जानेवारी ते २ डिसेंबर या काळात सीडीसीकडे १७ जहाजांवरील २१ उद्रेकांची नोंद झाली. त्या वर्षी ‘अ‍ॅमस्टरडॅम’ या जहाजावर लागोपाठच्या फेऱ्यांत साथ उद्भवल्याने ते काही दिवस सेवेतून काढून स्वच्छ करावे लागले.

६. ‘एक्सप्लोरर ऑफ द सीज’ : २०१४

२१ जानेवारी २०१४ रोजी हे जहाज न्यू जर्सी राज्यातून कॅरिबियन समुद्राच्या दहा दिवसांच्या सफरीवर निघाले. काही दिवसांतच प्रवाशांना उलट्या व जुलाब सुरू झाले. सेंट थॉमस बेटावर सीडीसीचे अधिकारी तपासासाठी जहाजावर चढले आणि अखेर सफर आटोपती घेऊन जहाज २९ जानेवारीस, नियोजित वेळेच्या दोन दिवस आधी परत आले. ३,०७१ प्रवाशांपैकी ६३४ जणांनी, तर १,१६६ कर्मचाऱ्यांपैकी ५५ जणांनी आजार झाल्याचे कळविले होते. नमुन्यांच्या तपासणीत नोरोविषाणू हे कारण निष्पन्न झाले.

या आकड्यांवरून दोन गोष्टी ध्यानात येतात. प्रवाशांमधील प्रमाण २०.६ टक्के, तर कर्मचाऱ्यांमधील प्रमाण ४.७ टक्के होते. एकाच जहाजावरील या दोन गटांतील तफावत मोठी आहे. कर्मचाऱ्यांना स्वच्छतेचे प्रशिक्षण असते, त्यांची भोजनाची व निवासाची जागा वेगळी असते, ही त्याची संभाव्य कारणे होत. मात्र आजार न कळविण्याची शक्यताही विचारात घ्यावी लागते. दुसरी गोष्ट अशी की, हे आकडे संपूर्ण सफरीतील एकूण रुग्णांचे असतात. एकाच वेळी एवढे लोक अंथरुणावर होते असा त्याचा अर्थ नव्हे.

७. नियंत्रणाची यंत्रणा

सीडीसीने १९७० च्या दशकात जहाज स्वच्छता कार्यक्रम सुरू केला. परदेशी बंदरांना भेट देऊन अमेरिकेच्या बंदरात येणारी, १३ किंवा त्याहून अधिक प्रवासी वाहून नेणारी जहाजे त्याच्या कक्षेत येतात. जहाजांची पूर्वसूचना न देता तपासणी करून १०० पैकी गुण देण्याची पद्धत आहे आणि ८५ किंवा त्याहून कमी गुण असमाधानकारक समजले जातात. चोवीस तासांत तीन किंवा अधिक पातळ जुलाब, अथवा उलटीबरोबर ताप, अंगदुखी, पोटातील कळा यांसारखे आणखी एखादे लक्षण असल्यास तो नोंदणीयोग्य रुग्ण ठरतो. प्रवासी अथवा कर्मचारी यांपैकी कोणत्याही गटात हे प्रमाण २ टक्क्यांवर पोहोचल्यास विशेष अहवाल द्यावा लागतो आणि ३ टक्क्यांवर पोहोचल्यास उद्रेकाची माहिती जनतेसाठी प्रसिद्ध केली जाते. तीन हजार प्रवाशांच्या जहाजावर २ टक्के म्हणजे साठ रुग्ण होत. इशारा त्या टप्प्यावरच मिळावा हा यामागील हेतू आहे.

प्रत्यक्ष उपाययोजनेचे चार भाग पाडता येतात.

अ) विलगीकरण : रुग्णाने आपल्या कक्षातच राहावे व त्याचे भोजन तेथे पोहोचवावे. लक्षणे थांबल्यानंतरही किमान २४ तास, आणि अन्न हाताळणाऱ्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत किमान ४८ तास, हा नियम पाळला जातो.

आ) हात धुणे : साबण व वाहते पाणी यांनी किमान वीस सेकंद हात चोळून धुणे हाच खात्रीचा उपाय होय. साबण विषाणूला मारतोच असे नाही, परंतु तो त्वचेवरून सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. प्रवेशद्वारी ठेवलेला अल्कोहोलचा द्रव हा पूरक उपाय आहे, पर्याय नव्हे.

इ) निर्जंतुकीकरण : उलटी झालेली जागा तत्काळ बंद करून हातमोजे व मुखपट्टी घालून स्वच्छ करावी लागते, कारण उलटीच्या वेळी सूक्ष्म तुषार सभोवार पसरतात. त्यानंतर दशलक्ष भागांत १,००० ते ५,००० भाग क्लोरीन असलेले द्रावण लावून ते किमान पाच मिनिटे राहू द्यावे. घाईने पुसून घेतल्यास ते निरुपयोगी ठरते.

ई) भोजनव्यवस्था : प्रवाशांनी स्वतः वाढून घेण्याची पद्धत बंद करून कर्मचाऱ्यांनी वाढणे, मीठ-मिरपुडीच्या सामायिक कुप्या टेबलावरून काढणे हे बदल केले जातात.

८. रुग्णाची शुश्रूषा

नोरोविषाणूवर विशिष्ट औषध नाही. प्रतिजैविके जिवाणूंवर कार्य करतात, विषाणूंवर नव्हे, म्हणून ती येथे निरुपयोगी ठरतात. खरा धोका शरीरातील पाणी व क्षार कमी होण्याचा, म्हणजे निर्जलीकरणाचा असतो. तोंडाला कोरड, लघवीचे प्रमाण घटणे, उभे राहताना भोवळ येणे आणि बालकांमध्ये अश्रूंविना रडणे ही त्याची चिन्हे होत. यावरील उपाय म्हणजे जलसंजीवनी.

या उपायाच्या इतिहासात भारतीय वैद्यकाचे मोलाचे योगदान आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ आली. शिरेतून देण्याचे द्रव संपत आल्यावर डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा यांचे द्रावण रुग्णांना तोंडावाटे देऊन मृत्यूचे प्रमाण मोठ्या प्रमाणात खाली आणले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. छावणीत जे उपयोगी पडले तेच आजच्या आलिशान जहाजाच्या कक्षातही उपयोगी पडते. तयार पाकीट नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट-घोट द्यावे. उलटी झाल्यास काही मिनिटे थांबून पुन्हा प्रारंभ करावा. जुलाबात रक्त दिसल्यास, गुंगी आल्यास अथवा पाणी पोटात ठरत नसल्यास जहाजावरील डॉक्टरांना त्वरित कळवावे.

९. कर्मचारी : दुर्लक्षित बाजू

उद्रेकाच्या वृत्तांतात चर्चा होते ती प्रवाशांच्या बुडालेल्या सहलीची. परंतु उलटी पुसणारे, कक्षातील चादरी बदलणारे, आजाऱ्याच्या दारी जेवणाचे ताट ठेवणारे हात कर्मचाऱ्यांचे असतात. जगातील पर्यटन जहाजांवर स्वयंपाकघर, भोजनगृह व कक्षव्यवस्था या विभागांत भारतीय, विशेषतः गोवा व मुंबईकडील तरुण दीर्घकाळापासून काम करीत आले आहेत. गोव्यात ‘तारवटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दर्यावर्दींच्या कमाईवर अनेक कुटुंबे उभी राहिली आहेत. त्यामुळे हा विषय कोकणपट्टीला परका नाही.

करारावर काम करणाऱ्या माणसासमोर आजारपणात एक पेच उभा राहतो. कळविले तर काम थांबते, वरकड मिळकत बुडते आणि पुढील कराराची धास्ती वाटते. लपविले तर त्याच हातांनी शेकडो लोकांना अन्न वाढले जाते. २००६ च्या सागरी श्रम करारानुसार आजारी खलाशी जहाजावर असेपर्यंत त्याला पूर्ण वेतन मिळणे अपेक्षित आहे. भारताने २०१५ मध्ये या कराराला मान्यता दिली. ही तरतूद सामान्यतः कामगार कल्याणाची मानली जाते. वस्तुतः ती रोगप्रतिबंधाचीही तरतूद आहे, कारण वेतनाची हमी असलेला माणूसच निर्भयपणे आजार सांगू शकतो. प्रवाशांनाही हाच न्याय लागू पडतो. चढण्यापूर्वी आरोग्यपत्रक भरताना सहल रद्द होण्याच्या भीतीने काही जण लक्षणे दडवितात. पैसे परत मिळण्याची वा तारीख बदलण्याची सोय असेल, तर खरे उत्तर मिळण्याची शक्यता वाढते.

१०. निष्कर्ष

१) नोरोविषाणू केवळ जहाजांपुरता मर्यादित नाही, परंतु दाट वस्ती, सामायिक भोजन आणि फेऱ्यांमधील अल्प अवधी यांमुळे जहाजावर तो वेगाने पसरतो.
२) साबण-पाण्याने हात धुणे, क्लोरीनने निर्जंतुकीकरण व वेळीच विलगीकरण हे साधे उपायच प्रभावी ठरतात. मात्र ते पूर्ण वेळ व पूर्ण काटेकोरपणे पाळावे लागतात.
३) शुश्रूषेत जलसंजीवनीचे स्थान सर्वोच्च असून वृद्ध व बालकांकडे विशेष लक्ष देणे आवश्यक आहे.
४) आजार कळविणाऱ्याचे आर्थिक नुकसान होणार नाही अशी व्यवस्था हा नियंत्रणाचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

वसतिगृहे, आश्रमशाळा, यात्रेतील अन्नछत्रे येथेही अनेक माणसे एकत्र राहतात व एकत्र जेवतात. आजारी आचाऱ्याला दोन दिवस पगारी रजा देणे हे तेथेही तितकेच लागू पडते. जहाजावरील अनुभवाचा उपयोग किनाऱ्यावर करून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.