सद्गुण आणि तराजू

सद्गुण म्हटला की मंदिर, प्रवचन आणि पर्युषणाचे दिवस डोळ्यांपुढे येतात. परंतु वर्षातील बाकीचे दिवस आपण गादीवर व तराजूपाशी काढतो. त्या दिवसांत सद्गुण कसा जोपासावा, याविषयी ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने केलेला विचार आपणां व्यापाऱ्यांस उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

ॲरिस्टॉटल (इ. स. पूर्व 384–322) याचे म्हणणे असे की, सद्गुण जन्मतः लाभत नाही व केवळ ऐकूनही येत नाही, तो सवयीने अंगी बाणतो. घरे बांधता बांधता मनुष्य गवंडी होतो, तसाच न्यायाने वागता वागता न्यायी होतो. म्हणून बालपणी कोणती सवय लागते, यास तो फार महत्त्व देतो.

अथेन्स नगरीत धान्यबाजारावर देखरेख असे. तेथील राज्यव्यवस्थेवरील जो ग्रंथ ॲरिस्टॉटलच्या नावावर आहे, त्यात वजनमापे तपासणारे 10 अधिकारी सांगितले आहेत. धान्य वाजवी भावाने विकले जाते की नाही, हे पाहणारे आधी 10 होते, ते पुढे 35 झाले. परंतु अधिकारी काटा तपासील. मन कोण तपासणार? त्याची कसोटी ॲरिस्टॉटलने दिली आहे. योग्य वागूनही जो मनात चरफडतो, त्याचा गुण अद्याप कच्चा. ज्यास तसे वागण्यातच संतोष वाटतो, त्याचा पक्का.

आपल्या तत्त्वार्थसूत्रात अचौर्यव्रताचे 5 अतिचार सांगितले आहेत. त्यांपैकी 'हीनाधिकमानोन्मान' म्हणजे घेण्याचे माप एक व देण्याचे दुसरे ठेवणे; 'प्रतिरूपकव्यवहार' म्हणजे अस्सल म्हणून नकली माल खपविणे. बालाघाटच्या सुगंधी चिन्नोर तांदळास 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात दुसरा तांदूळ मिसळला, तर ग्राहकास ते भात शिजल्यावर कळेल; शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलास मात्र तत्क्षणी कळते, आणि तोच त्याचा पहिला धडा होतो.

ॲरिस्टॉटल दोन टोकांमधील मध्यम मार्गही दाखवितो. उधळेपणा व कंजूषपणा यांच्या मध्ये औदार्य असते. योग्य व्यक्तीस, योग्य वेळी, योग्य तेवढे देणे, हे त्याचे लक्षण होय. परिग्रहास मर्यादा घालणाऱ्या श्रावकास हे नवीन वाटू नये.

एक गोष्ट लपविण्याचे कारण नाही. नफ्यासाठी केलेल्या व्यापारास ॲरिस्टॉटल कमी लेखीत असे, व व्याजाचा धंदा तर त्यास अत्यंत तिटकाऱ्याचा वाटे. त्याचे हे मत खोडून काढण्यास आमच्यापाशी पांडित्य नाही. परंतु रोज सायंकाळी वही मिटण्यापूर्वी आपण जमाखर्चाबरोबर दिवसभराचा आपला व्यवहारही तपासावा. त्या मतास व्यापाऱ्याने देण्याजोगे उत्तर हेच होय.