स्वीडनमधील शिक्षण : मोकळीक आणि तिची किंमत

ऑक्टोबर २०२३ मधील एका दुपारी उपसाला येथील वसतिगृहाच्या खोलीत बसून पुण्याच्या एका तरुणीने आपल्या पहिल्या परीक्षेचा निकाल पाहिला. संगणकाच्या पडद्यावर एकच अक्षर होते, 'यू'. स्वीडिश पद्धतीत या अक्षराचा अर्थ अनुत्तीर्ण. शाळेपासून पदवीपर्यंत प्रथम वर्ग न सोडलेल्या या मुलीच्या आयुष्यातील हे पहिलेच अपयश होते. कोथरूडमधील राहते घर तारण ठेवून वडिलांनी काढलेल्या शैक्षणिक कर्जावर ती येथे आली होती. त्या रात्री आईचा फोन आला, तेव्हा "सगळे छान चालले आहे," एवढेच ती बोलली.

तिचे चुकले कोठे, याचे उत्तर हुशारीच्या कमी-अधिक मापात शोधून सापडणार नाही. आपल्याकडील विद्यार्थी ज्या व्यवस्थेत घडतो आणि स्वीडनमधील विद्यापीठे ज्या गृहीतकावर चालतात, त्यांतील अंतरात ते दडलेले आहे. स्वीडनला जाण्याचा विचार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आणि त्यांच्या पालकांनी शुल्काच्या आकड्यांइतकेच हे अंतरही समजून घ्यायला हवे.

अर्जापासून आगमनापर्यंत

स्वीडनमधील उच्चशिक्षण परदेशी विद्यार्थ्यांसाठीही एके काळी निःशुल्क होते. २०११ च्या शरद सत्रापासून युरोपीय संघ व त्याच्याशी संलग्न देशांबाहेरील विद्यार्थ्यांना शुल्क लागू झाले. अभ्यासक्रमानुसार ते वर्षाला साधारण ८० हजारांपासून जवळपास तीन लाख क्रोनरपर्यंत जाते. क्रोनरचा भाव आठ-नऊ रुपयांच्या घरात धरला, तरी या आकड्यांचे वजन मध्यमवर्गीय कुटुंबाच्या लक्षात यावे. निवास परवान्यासाठी राहण्या-खाण्याच्या खर्चाची तरतूदही स्वतंत्रपणे दाखवावी लागते. २०२५ मध्ये ही रक्कम दरमहा दहा हजार क्रोनरहून अधिक होती.

प्रवेशाची प्रक्रिया मात्र सुटसुटीत आहे. देशभरातील विद्यापीठांसाठी एकाच केंद्रीय संकेतस्थळावर अर्ज करायचा, पसंतीक्रम लावायचा आणि ९०० क्रोनर अर्जशुल्क भरायचे. शरद सत्राच्या पहिल्या फेरीची मुदत साधारणतः जानेवारीच्या मध्यास संपते आणि वर्ग ऑगस्टच्या अखेरीस भरतात.

या तरुणीने निवडलेले उपसाला विद्यापीठ १४७७ साली स्थापन झाले असून ते उत्तर युरोपातील नॉर्डिक देशांमधील सर्वांत जुने विद्यापीठ आहे. स्टॉकहोमच्या उत्तरेस सुमारे ७० किलोमीटरवरील हे शहर, मधून वाहणारी फ्युरिस नदी, दोन उंच मनोऱ्यांचे कॅथेड्रल आणि सायकलींनी भरलेले रस्ते. विद्येचे माहेरघर म्हणवणाऱ्या गावातून आलेल्या मुलीला ते पाहताक्षणी आपलेसे वाटले नसते तरच नवल!

एका क्रमांकाची प्रतीक्षा

पहिली ठेच लागली ती कागदोपत्री. स्वीडनमधील दैनंदिन व्यवहार 'पर्सोननुमर' या वैयक्तिक क्रमांकाभोवती फिरतात. जन्मतारीख आणि चार अंक अशी त्याची रचना असते. एक वर्ष वा त्याहून अधिक काळ राहणाऱ्यांना तो करखात्याकडे नोंदणी केल्यावर मिळतो. मात्र त्यात काही आठवडे जातात. तोपर्यंत बँकेत खाते उघडणे अवघड, खाते नाही म्हणून 'बँक-आयडी' ही डिजिटल ओळख नाही, आणि ती नाही म्हणून मोबाइलवरून पैसे देण्याची 'स्विश' ही सोयही नाही. रोख रकमेचा वापर अगदी कमी उरलेल्या या देशात खिशात नोटा असूनही काही दुकानांतून रिकाम्या हाताने परतण्याची वेळ नवागतावर येते.

घराचा प्रश्नही तसाच. विद्यार्थ्यांच्या खोल्यांसाठी प्रतीक्षायादी असते आणि मोठ्या शहरांत ती लांबलचक असते. शुल्क भरणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना काही विद्यापीठे खोली मिळवून देतात. या तरुणीला ती फ्लोग्स्ता या विद्यार्थी वसाहतीत मिळाली. एका मजल्यावर डझनभर खोल्या आणि सर्वांत मिळून एक स्वयंपाकघर. कपडे धुण्याच्या सामाईक खोलीसाठी आधी वेळ नोंदवावी लागते आणि ती पाळावीही लागते. चपला-बूट दारातच काढण्याची रीत मात्र थेट आपल्या घरातली. 'फिलम्योल्क' नावाचे पातळसर आंबट दूध आपल्या दह्याच्या जवळ जाते, हा शोध लागल्यावर तिच्या कढीचा प्रश्नही सुटला.

याच वसाहतीत रात्री दहाच्या ठोक्याला विद्यार्थी खिडक्या उघडून मोठ्याने ओरडतात. फ्लोग्स्ताची ही आरोळी गेल्या अनेक दशकांची प्रथा आहे. पहिल्या रात्री ती घाबरली होती. पुढे तिला समजले, की मनावरचा ताण मोकळा करण्याचा तो एक मान्यताप्राप्त मार्ग आहे.

एका वेळी एकच विषय

खरी अडचण वर्गात होती, आणि ती अडचणीसारखी दिसत नव्हती. आपल्याकडे सत्रात पाच-सहा विषय समांतर चालतात आणि परीक्षा शेवटी एकत्र येतात. स्वीडनमध्ये बहुतेक ठिकाणी विषय एकामागून एक शिकवले जातात. पूर्णवेळ अभ्यासाचे एक सत्र ३० श्रेयांकांचे असते. दीड श्रेयांक म्हणजे एका आठवड्याचा, सुमारे ४० तासांचा अभ्यास, असा हिशेब आहे. म्हणजे साडेसात श्रेयांकांचा विषय पाच आठवड्यांत शिकवून, परीक्षा होऊन संपतो.

या ४० तासांपैकी प्रत्यक्ष वर्गात जाणारे तास थोडे असतात. तिच्या वेळापत्रकात आठवड्याला जेमतेम सहा-आठ तास दिसत होते. बहुतांश व्याख्यानांना हजेरी नव्हती, गृहपाठ तपासला जात नव्हता आणि 'अभ्यास झाला का' असे कोणी विचारत नव्हते. उरलेले तीसेक तास स्वतःच्या वाचनाचे आहेत, हे तिला कोणी आवर्जून सांगितले नाही; कारण ते सर्वांना ठाऊकच असते, असे तेथे गृहीत धरले जाते. परीक्षेपूर्वीच्या 'पी. एल.'मध्ये सारा अभ्यास उरकण्याची सवय असलेली ही मुलगी त्या सुट्टीची वाट पाहत राहिली. सुट्टी आली नाही. सप्टेंबरच्या अखेरीस परीक्षा मात्र आली.

उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक असतो, त्यामुळे तपासणाऱ्याला विद्यार्थी कोण हे कळत नाही. प्रश्न पाठांतराचे नव्हते. दोन लेखकांची परस्परविरोधी मते देऊन 'तुमची भूमिका साधार मांडा' असे विचारले होते. तिने दोन्ही मते उत्तम रीतीने लिहून काढली, स्वतःचे मत मात्र लिहिले नाही. ते विचारले जाईल, असे तिला वाटलेच नव्हते.

'सर' नसलेला वर्ग

प्राध्यापकांना पाठवलेल्या पहिल्या ई-पत्राची सुरुवात तिने 'रिस्पेक्टेड सर' अशी केली होती. उत्तर दोन ओळींचे आले आणि खाली नुसते पहिले नाव होते. स्वीडनमध्ये प्राध्यापकांनाही नावानेच हाक मारतात. हे नेहमीचे नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथेही पदव्या आणि हुद्दे लावूनच बोलण्याची रीत होती. १९६७ मध्ये ब्रूर रेक्सेद यांनी वैद्यकीय प्रशासनाच्या प्रमुखपदाची सूत्रे हाती घेताना सर्व कर्मचाऱ्यांना एकेरी 'दू'ने संबोधण्याचा मनोदय जाहीर केला. समाजात आधीपासूनच सुरू असलेल्या या बदलाला त्यामुळे बळ मिळाले आणि काही वर्षांतच 'दू' सर्वमान्य झाले.

तू, तुम्ही आणि आपण अशा तीन पायऱ्यांवर वाढलेल्या मराठी मनाला हे पचायला वेळ लागतो. एकेरी हाक मारणे जीभ चार दिवसांत शिकते. त्या हाकेमागची अपेक्षा कळायला मात्र महिने लागतात. शिक्षक आणि विद्यार्थी समान, म्हणजे विद्यार्थ्याने शंका घ्यावी, असहमती नोंदवावी, मदत लागल्यास स्वतःहून मागावी. त्याने विचारले नाही, तर त्याला गरज नाही असे समजले जाते. मोठ्यांसमोर गप्प राहणे हे आपल्याकडे आदराचे लक्षण आहे. तेथे ते तयारी नसल्याचे लक्षण ठरू शकते. तिचे मौन आणि प्राध्यापकांचे मौन यांनी एकमेकांचा असा चुकीचा अर्थ लावला होता.

विश्वासावर चाललेल्या व्यवस्थेत विश्वासभंगाला क्षमा नसते, हेही येथे नमूद करायला हवे. दुसऱ्याचा मजकूर संदर्भ न देता वापरल्यास प्रकरण शिस्तपालन मंडळापुढे जाते आणि सहा महिन्यांपर्यंत निलंबन होऊ शकते. निवास परवान्याची मुदत वाढवतानाही अभ्यासातील प्रगती पाहिली जाते. त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यासाठी अशा शिक्षेचा अर्थ अधिकच गंभीर असतो.

अंधाराचे दिवस

निकालापाठोपाठ नोव्हेंबर आला. स्वीडनच्या थंडीविषयी सारे बोलतात. पण नवागताला खचवतो तो अंधार. डिसेंबरच्या मध्यास उपसाल्यात सूर्य नऊच्या सुमारास उगवतो आणि दुपारी पावणेतीनच्या आसपास मावळतो. नोव्हेंबरमध्ये अनेकदा बर्फही नसतो. असतो तो नुसता ओला, करडा काळोख. ती दुपारी उठू लागली. स्वयंपाकघरात कोणी भेटू नये म्हणून रात्री उशिरा भात लावू लागली. दिवाळीच्या दिवशी फराळाचे पार्सल आले, ते तिने दोन दिवस उघडलेही नाही.

अखेर एका रविवारी फोनवर आईने विचारले, "अगं, तुझ्याकडे दुपार आहे ना? मग दिवा का लावलास?" बाहेर अंधार असल्याचे सांगता सांगता तिला रडू कोसळले आणि निकालाची गोष्टही बाहेर पडली. पलीकडे काही क्षण शांतता होती. मग वडील म्हणाले, "कर्ज मी फेडेन. तू आधी तिथल्या सरांना जाऊन भेट."

ती भेटायला गेली. वेळ दहाची होती. ती पंधरा मिनिटे आधी पोहोचली. प्राध्यापकांनी तिची उत्तरपत्रिका समोर ठेवली, दोन जागी बोट ठेवले आणि विचारले, "येथे तुझे मत काय होते?" तिने सांगितले. "मग हे लिही," ते म्हणाले. भेट वीस मिनिटांत संपली. रागावणे नाही, उपदेश नाही आणि सहानुभूतीचे चार शब्दही नाहीत. तिला ते कोरडे वाटले. परंतु जिन्यावरून उतरताना तिच्या लक्षात आले, की अनुत्तीर्ण होण्याला त्यांनी कलंक मानलेच नव्हते.

तेथील व्यवस्थाही तो मानत नाही. फेरपरीक्षेला 'ओमतेंता' म्हणतात आणि स्वीडिश विद्यार्थीही ती सर्रास देतात. तिने ती डिसेंबरमध्ये दिली आणि उत्तीर्ण झाली.

विचारण्याची शिस्त

त्या हिवाळ्यात तिने आणखी दोन गोष्टी केल्या. विद्यार्थ्यांच्या 'नेशन'चे सदस्यत्व घेतले आणि दुपारच्या 'फीका'ला जाऊ लागली. उपसाल्यात अशी १३ नेशन्स आहेत. एकाच प्रांतातून आलेल्या विद्यार्थ्यांची ही मंडळे शतकांपूर्वी सुरू झाली. मुंबईतील कोकणी गावकऱ्यांच्या मंडळांची आठवण व्हावी, अशीच ती कल्पना. आता कोणीही विद्यार्थी कोणत्याही नेशनमध्ये जाऊ शकतो, तेथील खानावळीत काम करू शकतो, गायनवृंदात गाऊ शकतो. 'फीका' म्हणजे कॉफी आणि सोबत काही गोड खाणे. शब्द मराठी कानाला बेचव लागतो खरा, पण वर्गात न विचारलेले प्रश्न याच टेबलावर विचारले जातात. कोणते पुस्तक आधी वाचावे, कोणत्या प्रकरणात अडले, कोण नापास झाले. तिच्या गटातील दोघे जण त्याच परीक्षेत अनुत्तीर्ण झाले होते, हे तिला तेथेच समजले.

डिसेंबरच्या त्या दिवसांत स्वीडिश घरांच्या खिडक्यांत कागदी तारे आणि विजेचे दीप लागतात. अंधारावरचा तो त्यांचा सामुदायिक तोडगा आहे. आकाशकंदील लावून वाढलेल्या मुलीला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. तिनेही एक तारा आणून खिडकीत टांगला आणि दिवाळीचे उरलेले चिवडा-लाडू स्वयंपाकघरात नेऊन ठेवले.

मे २०२५ मध्ये तिने आपला प्रबंध सादर केला. स्वीडनमध्ये प्रबंधाच्या चर्चेत एका सहाध्यायीला 'प्रतिपक्ष' नेमले जाते. त्याने प्रबंध आधी वाचून सर्वांसमोर त्यातील उणिवा दाखवायच्या असतात. आपला प्रबंध सादर करण्याच्या आदल्या दिवशी तिने दुसऱ्या विद्यार्थ्यासाठी ही जबाबदारी पार पाडली. समोर प्राध्यापक बसलेले असताना तिने पाऊण तास प्रश्न विचारले. त्यांपैकी एक प्रश्न मार्गदर्शकाच्याच मताला छेद देणारा होता. मार्गदर्शकाने तो वहीत टिपून घेतला.

परदेशी शिक्षणाचा विचार करणारे पालक शुल्क, शिष्यवृत्ती आणि नोकरीची शक्यता यांची चौकशी करतात, आणि ती करायलाच हवी. परंतु आपला मुलगा वा मुलगी अडल्यावर हात वर करू शकते का, आणि अपयश आल्यास घरी फोन करून ते सांगू शकते का, याची चौकशी घरीच करावी लागते. कोणी मागे लागत नाही तेव्हा स्वतःहून पुढे येण्याची ही सवय विमानात बसल्यावर लागत नाही. ती लागायची तर येथूनच लागायला हवी.