पऱ्हाटीचे 'तेल' : ऊष्माविच्छेदन आणि त्याची परिभाषा

हिंगोली जिल्ह्यात (1999 साली तो परभणीपासून वेगळा झाला) कापसाची शेवटची वेचणी आटोपली म्हणजे शेतात पऱ्हाटी उभी राहते. ती उपटून थोडी चुलीसाठी घरी नेतात. उरलेली पुष्कळदा बांधावर पेटवून दिली जाते. हेक्टरी साधारण दोन ते तीन टन भरणाऱ्या या काड्यांपासून 'जैव-तेल निघते', असे अलीकडे वारंवार सांगण्यात येते. विधान खोटे नाही. मात्र त्यातील 'तेल' आणि 'निघते' हे दोन्ही शब्द ऐकणाऱ्याच्या मनात जी अपेक्षा उत्पन्न करतात, ती वस्तुस्थितीशी जुळत नाही. रसायनशास्त्राच्या अंगणात भाषेच्या अभ्यासकाने पाऊल टाकण्याचे कारण एवढेच आहे.

प्रथम क्रिया कशी घडते ते पाहू. काडी मोकळ्या हवेत तापविली म्हणजे ती पेटते व अखेरीस राख उरते. तीच काडी बंद पात्रात, हवेचा शिरकाव न होऊ देता तापविली, तर ती जळत नाही. तिचे घटक तुटू लागतात. वनस्पतीचे काष्ठ मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज व लिग्निन या तीन द्रव्यांचे बनलेले असते. यांपैकी हेमिसेल्युलोज सुमारे 220 ते 315 अंश सेल्सियसच्या दरम्यान व सेल्युलोज त्यापुढे 400 अंशांपर्यंत बहुतांशी तुटते. लिग्निनचे विघटन मात्र रेंगाळत फार मोठ्या तापमानकक्षेत चालू राहते. या तुटण्यातून वायू व वाफा सुटतात आणि मागे कोळसा उरतो. वाफा थंड केल्या की काळपट तांबूस, उग्र वासाचा द्रव जमतो. त्यालाच जैव-तेल म्हणतात. क्रियेचे इंग्रजी नाव 'पायरोलिसिस' ग्रीकवरून आले आहे : 'पीर' म्हणजे अग्नी आणि 'लिसिस' म्हणजे सुटे होणे. 'ऊष्माविच्छेदन' हा प्रतिशब्द त्याला पुरेसा जवळचा आहे.

आता 'निघते' या क्रियापदाकडे वळू. तिळात तेल आधीच असते. घाणा ते गाळतो. बिब्ब्याचे तेल काढण्याच्या जुन्या रीतीतही हेच तत्त्व आहे. तळाला भोके पाडलेले मडके जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या मडक्यावर ठेवून वरून गोवऱ्यांचा विस्तव द्यावयाचा, म्हणजे द्रव खाली उतरतो. रसशास्त्रात या युक्तीला पातालयंत्र म्हणतात. बाह्यतः ही मांडणी ऊष्माविच्छेदनासारखी दिसते, परंतु बिब्ब्याचा द्रव मुळातच पुष्कळसा त्याच्या टरफलात असतो, उष्णता त्याला केवळ बाहेर घालविते. पऱ्हाटीच्या काडीत असे तेल साठविलेले नसते. (त्याच झाडाच्या सरकीत खरेखुरे तेल असते, ही गोष्ट निराळी.) येथे द्रव निघत नाही, तर तो उष्णतेने घडविला जातो. मराठीत अशा क्रियेला चांगले क्रियापद आहे. आपण तेल 'गाळतो', पण कोळसा 'पाडतो', विटाही 'पाडतो'. हे 'पाडणे' संस्कृत 'पातयति'पासून प्राकृतमार्गे आलेले. आणि पाठ्यपुस्तकांतील 'ऊर्ध्वपातन' या शब्दातील 'पातन' त्याच धातूचे. भट्टीवरचा मजूर आणि परिभाषाकार या दोघांनी नकळत एकाच धातूचा आश्रय घ्यावा, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

काय पाडावयाचे हे तापविण्याच्या गतीवर अवलंबून असते. सावकाश तापविल्यास कोळसा अधिक मिळतो. द्रव अधिक हवा असेल तर काडी वाळवून तिचा ओलावा दहा टक्क्यांच्या आत आणावा लागतो, दोन-तीन मिलिमीटरपर्यंत बारीक करावी लागते, सुमारे 500 अंशांना क्षणार्धात तापवावी लागते, आणि सुटलेल्या वाफा एक-दोन सेकंदांत थंड कराव्या लागतात. अधिक वेळ लागल्यास त्या पुन्हा तुटून वायू होतात. ही सर्व पथ्ये पाळली तर कोरड्या लाकडाच्या वजनाच्या 60 ते 75 टक्के द्रव मिळतो. पिकांच्या काडात राख, विशेषतः पोटॅश, अधिक असल्यामुळे हे प्रमाण खाली येते, कारण पोटॅश वाफांच्या विघटनास उत्तेजन देते.

या द्रवाचे गुण पाहिले म्हणजे 'तेल' शब्दाची अडचण स्पष्ट होते. 'तेल' हा शब्द 'तिल'पासून 'तैल' असा आलेला आहे. इंग्रजी 'ऑइल'चे मूळही ऑलिव्हच्या फळाकडेच जाते. पुढे खनिज द्रवाला ते नाव मिळाले व 'रॉक ऑइल'चे आपण 'रॉकेल' केले, तेव्हाही पाण्यात न मिसळणे आणि चांगले जळणे हे दोन गुण कायम राहिले. पऱ्हाटीचा द्रव पहिला गुण पाळत नाही. त्यात 15 ते 30 टक्के पाणीच विरघळलेले असते, आणि तो डिझेलमध्ये मिसळत नाही. त्याची आम्लता व्हिनेगरच्या तोडीची असल्यामुळे साधे लोखंड तो खातो. पाण्याहून जड असतो आणि साठविला तर महिन्यागणिक घट्ट होत जातो. प्राणवायूचे प्रमाण 35 ते 40 टक्के असल्याने त्याची उष्णता किलोमागे सुमारे 17 मेगाज्यूल भरते. डिझेलची सुमारे 43. शेतकऱ्याने हे 'तेल' पाण्याच्या इंजिनात ओतले तर नुकसान त्याचे होईल, आणि दोष मात्र शब्दाचा असेल.

हिशेब करून पाहण्यास हरकत नाही. हेक्टरी अडीच टन काडीपासून निम्मा द्रव मिळाला तरी सव्वा टन होतो. उष्णतेच्या मापाने तो सुमारे 500 किलो डिझेलच्या बरोबरीचा. कागदावर आकडा मोहक आहे. त्यातून वाळविणे, दळणे व वाहतूक यांचा खर्च वजा करावयाचा. शिवाय एक अडचण खास कापसाची. 2017 साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात मोठे नुकसान केल्यानंतर पऱ्हाटी वेळीच उपटून नष्ट करावी, शेताजवळ ढीग रचू नयेत, असे आग्रहाने सांगितले जाते, कारण न उमललेल्या बोंडांत अळी सुप्तावस्थेत राहते. वर्षभर चालणाऱ्या भट्टीला तर साठाच हवा. तेव्हा काडी शेतातच यंत्राने बारीक केल्याखेरीज या दोहोंचा मेळ बसणे कठीण.

मग उपयोग कोठे? वसमत, कळमनुरी भागात उन्हाळ्याच्या तोंडाशी हळद शिजविण्यासाठी उष्णता लागते, आणि ती वेळ पऱ्हाटी उपटण्याच्या हंगामानंतर लगेच येते. परंतु कढईखाली जी काडी सरळ जाळता येते, तिचा आधी द्रव करून मग तो जाळणे म्हणजे द्राविडी प्राणायाम होय. द्रवाचे प्रयोजन उष्णता दूर नेण्यात आहे. गावातल्या गावात ते फारसे उरत नाही. पुण्याच्या 'ॲप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट'ने (आरती) वनस्पतिशास्त्रज्ञ आनंद कर्वे यांच्या नेतृत्वाखाली उसाच्या पाचटाबाबत निराळा मार्ग धरला. पाचट बंद पिंपांत भरून भट्टीत तापवावयाचे, सुटणाऱ्या वाफा तेथेच जाळून पुढील उष्णता मिळवावयाची, आणि विकावयाचा तो कोळसाच. या कामास 2002 साली ॲश्डेन पुरस्कार मिळाला. द्रवाचा मोह टाळल्यामुळे ती भट्टी शेतावर नेता आली. माझ्या मते हिंगोलीसही प्रारंभ याच बाजूने करणे सोयीचे; त्यातील काही कोळसा जमिनीत घातला तर पोटॅशही शेतातच राहील.

राहिला नावाचा प्रश्न. वाफ थंड करून मिळालेल्या द्रवाला मराठीत 'अर्क' म्हणण्याची वहिवाट आहे. अर्क पाण्यात मिसळतो आणि तो आंबट असला तरी कोणी नवल करीत नाही. त्या धोरणाने 'धूमार्क' हा शब्द सुचवावासा वाटतो. त्यातील लिग्निनजन्य, डांबरासारखा जड भाग 'अर्क' या शब्दात नीट बसत नाही, हा आक्षेप रास्त आहे. त्या भागासाठी 'काष्ठडांबर' हा वेगळा शब्द ठेवता येईल, कारण अधिक पाणी घातले असता तो तळाशी वेगळा होतोच.