रसायन लावलेला केस

चैत्राच्या सुमारास नारायणगावात तमाशाच्या राहुट्या उभ्या राहतात, गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात, आणि तेव्हाच मंचर, घोडेगाव, जुन्नर येथे लग्नसराईची घाई चालू असते. या घाईत केस सरळ करून घेण्याची चाल आता आपल्याकडे रुळली आहे. तिला नाके मुरडण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. परंतु आमच्या नात्यातल्या एका मुलीने दिवाळीत केस सरळ करून घेतले, माघात त्यांस रंग दिला आणि लग्नाआधी आठ दिवस ते पुन्हा सरळ करविले. हळदीच्या दिवशी फणीबरोबर केसांचे तुकडे हाती येऊ लागले. केस मुळापासून गळले नव्हते, मध्येच तुटले होते.

असे का व्हावे? केस म्हणजे केराटिन नावाच्या प्रथिनाचे दोर, आणि हे दोर दोन तऱ्हेच्या गाठींनी एकमेकांस बांधलेले असतात. पहिली गाठ कच्ची, पाण्यानेही सुटणारी. ओल्या केसांची वेणी घालून निजले तर सकाळी केसांत लहरी उमटतात आणि न्हाताच जातात, ती हिचीच करामत. इस्तरीने सरळ केलेला केस आषाढातल्या दमट हवेत पुन्हा वळतो तोही याचमुळे. दुसरी गाठ गंधकाची. केस जळताना येणाऱ्या उग्र वासात या गंधकाचा वाटा असतो. ही गाठ पाण्याला दाद देत नाही.

तिच्यासाठीच रसायन लागते. अमोनियम थायोग्लायकोलेटने काही गाठी सोडवायच्या, केस सरळ ताणायचे आणि हायड्रोजन पेरॉक्साइडने गाठी नव्या जागी बांधायच्या. सगळ्या गाठी पुन्हा बसत नाहीत. म्हणून उत्तम हाताने केलेले कामही केसाला थोडे दुबळे करतेच. कॉस्टिक सोड्याच्या प्रकारात तर गाठीची जातच पालटते, ती मूळपदावर येत नाही. या दोन प्रकारांपैकी एकावर दुसरा कधीही लावू नये.

केस निर्जीव आहे, जखमेसारखा तो भरून येत नाही. महिन्याला तो सुमारे 1 सेंटीमीटर वाढतो. म्हणजे 40 सेंटीमीटर केसाचे टोक तीन वर्षांहून जुने. पुन्हा रसायन लावायचेच तर मुळाशी नव्याने आलेल्या भागालाच लावावे. उरलेल्या लांबीला पहिल्या, कच्च्या गाठीवर भागवावे : केस पुरते वाळवून मंद इस्तरी फिरवावी. ओल्या केसावर तापली पट्टी ठेवली तर आतले पाणी उकळून केसात बुडबुडे होतात आणि तेथेच तो तुटतो. न्हाण्याआधी खोबरेल लावावे. ते केसात शिरते व प्रथिनाची झीज कमी करते, असे मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 साली दाखविले. कंपनी खोबरेल विकणारी, हे ध्यानात असू द्यावे. पण ओळखीची आजीही हेच सांगे.

आपल्या पश्चिम पट्ट्यात हिरडा मुबलक. तो आवळ्याबरोबर लोखंडी कढईत भिजवून केसांना लावला की लोह केसावर बसते, आणि लोहाच्या संगतीने पेरॉक्साइड अधिकच उग्र होते. हे केस सरळ करणाऱ्याला आधी सांगितले पाहिजे. घरचा उपाय म्हणून तो लपविला जातो, हीच अडचण.

‘केराटिन’ नावाने मिळणाऱ्या काही उपचारांत तापताच फॉर्माल्डिहाइड सुटते. तो वायू कर्करोगकारक असल्याचा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली दिला आहे. त्याऐवजी ग्लायऑक्सिलिक आम्ल आले, तर फ्रान्समधील डॉक्टरांनी 2024 साली त्याचा संबंध मूत्रपिंडाच्या तीव्र बिघाडाशी दाखविला. डब्यावरची नावे वाचावीत, डोळे चुरचुरले तर उठून यावे.

त्या मुलीने लग्नानंतर खांद्यापर्यंत केस कापले. दोन वर्षांनी वाढलेले केस तिच्या आईसारखेच कुरळे आहेत, आणि सणावारी ती त्यांवर इस्तरी फिरवते.